निळा ठिपका, तीन कोन आणि हिंगणघाटची एक कबर

समजा, रात्री मांजरसुंबा घाटात बाईक घसरली. तुम्ही ११२ लावला. पलीकडून पहिला प्रश्न येतो: नक्की कुठे आहात? अंधारात घाटाचं प्रत्येक वळण सारखंच दिसतं. अशा वेळी मॅपवरचा निळा ठिपका जीव वाचवतो. त्यामागची युक्ती फोनपेक्षा खूप जुनी आहे. ती वापरून भारत मोजायला निघालेला माणूस आपल्याच महाराष्ट्रात, हिंगणघाटला पुरलेला आहे. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

यॉर्कशायरच्या साध्या घरातला हा मुलगा सैन्यात भरती झाला आणि अमेरिकेच्या युद्धात कैदही झाला. पुढे सूर्यग्रहण बघताना त्यांच्या एका डोळ्याची नजर गेली. (ग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघू नका, हे उगीच सांगत नाहीत!) १७९९ मध्ये ते टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत होते. एका रात्री तुकडी दक्षिणेला जायच्या ऐवजी उत्तरेला, थेट शत्रूच्या छावणीकडे निघाली होती. लॅम्बटन यांनी ताऱ्यांवरून ही चूक ओळखली. होकायंत्र पाहिल्यावर सेनापतीला पटलं आणि तुकडी वाचली.

१८०२ मध्ये त्यांनी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची सरळ रेषा पोलादी साखळीने मोजली. एवढ्यालाच ५७ दिवस लागले. पण पुढचं काम कोनांचं होतं. तुमच्या गावाजवळच्या डोंगरावर पवनचक्की आहे, असं धरा. खाली रस्त्यावर दोन खुणा करा, त्यांच्यातलं अंतर मोजा आणि दोन्हीकडून पवनचक्कीचा कोन घ्या. झाला त्रिकोण! डोंगर न चढता पवनचक्की किती लांब आहे ते गणिताने निघतं. मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, त्यावर तिसरा. यालाच ट्रायँग्युलेशन, म्हणजे त्रिकोणीकरण म्हणतात.

कोन मोजणारं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरला, सरफोजी राजांच्या काळात, ते मंदिराच्या गोपुरावर चढवताना आपटलं. वर्तुळाकार पट्टी वाकली. नवं मागवायचं तर लंडनहून. लॅम्बटन तंबूत बसले आणि सहा आठवडे ठोकून ठोकून त्यांनी ते स्वतःच सरळ केलं.

त्रिकोणांची साखळी पुढे निजामाच्या राज्यातून उत्तरेकडे सरकली. बीडही तेव्हा निजामाकडेच होतं. वय साठीच्या पुढे, छातीत क्षय, तरी लॅम्बटन थांबले नाहीत. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला ते गेले. काम त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आलं. हो, शिखराला ज्यांचं नाव आहे तेच.

आता फोनकडे. जीपीएस कोन मोजत नाही, किमान चार उपग्रहांपासूनचं अंतर काढतं. म्हणजे लॅम्बटनच्या युक्तीचा हा चुलतभाऊ. एकाच टॉवरवरून तुमचा फक्त परिसर कळतो. बालाघाटात टॉवर विरळ, त्यामुळे तो परिसर मोठा असतो. जीपीएसला मात्र रेंज लागत नाही. म्हणून तालुक्याचा मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. घाटात अडकलात तर ठिपक्यावर बोट दाबून धरा, दोन आकडे दिसतील. बीडच्या आसपास ते १९ आणि ७५ च्या जवळपासचे असतात. दशांशानंतरचे आकडेही ११२ ला वाचून दाखवा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा कॉल लागू शकतो.