विश्लेषण : १, ३, ४, ७, ११… या सोप्या क्रमाने ३९ अंकी मूळ संख्या कशी सापडली?

१, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७… मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. शाळकरी मुलालाही जमेल अशा या क्रमाच्या आधारे फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये एक ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, तेही हाताने आकडेमोड करून. ते कसे?

कोण होते ल्यूका?

४ एप्रिल १८४२ रोजी आमियां येथे जन्म. पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी आणि पुढे पॅरिसमध्ये गणिताचे शिक्षक. १, १, २, ३, ५… या क्रमाला ‘फिबोनाची’चे नाव त्यांनीच दिले. ‘टॉवर ऑफ हनोई’ हे चकत्यांचे कोडेही त्यांचेच. १८८३ मध्ये ते त्यांनी टोपणनावाने बाजारात आणले.

क्रमामागचे गणित काय?

आजच्या भाषेत, रेषीय बीजगणित. दोन ओळींचे एक मॅट्रिक्स घ्या : वर १, १ आणि खाली १, ०. त्याला त्यानेच गुणत जा. दर वेळी वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातील आकड्यांची बेरीज करा. १, ३, ४, ७… हाच क्रम मिळतो. मॅट्रिक्सचा वर्ग केला, की क्रमात थेट दुप्पट पुढे उडी बसते. म्हणूनच दुसऱ्या संख्येपासून निघून ‘वर्ग करा, २ वजा करा’ एवढेच केले, की ३, ७, ४७, २२०७… म्हणजे दुसरी, चौथी, आठवी, सोळावी संख्या हाती येते.

मूळ संख्येशी संबंध काय?

२ च्या सातव्या घातातून १ वजा केल्यास १२७ उरतात. वरच्या उड्यांतील सहाव्या संख्येला १२७ ने नि:शेष भाग जातो, म्हणून १२७ मूळ. घातांकाला ४ ने भागून ३ उरत असतील, तर हा निकष लागू पडतो. ल्यूका यांनी ७ च्या जागी १२७ घातांक घेतला. संख्या फुगू नयेत म्हणून प्रत्येक टप्प्यावर फक्त बाकी ठेवायची. सव्वाशे टप्प्यांत निकाल!

अखेर कशी झाली?

१८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून ताटल्या पडल्या. उडालेला तुकडा ल्यूका यांच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि ३ ऑक्टोबरला, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची ३९ अंकी संख्या मात्र १९५१ पर्यंत सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. आजही अशा महाकाय संख्यांची खात्री करताना संगणक त्याच निकषाचे सुधारित रूप, ‘ल्यूका-लेमर चाचणी’, वापरतात.