शेतकऱ्यांचे गुरुजी : डॉ. पांडुरंग खानखोजे

विद्यार्थी मित्रांनो, चांगले बियाणे शेतकऱ्याच्या हाती दिले की काम झाले, असे आपल्याला वाटते. पण ते वाण वर्षानुवर्षे त्याच्या शेतात टिकायचे तर काय लागते? हे ओळखणाऱ्या एका मराठी माणसाची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. देश स्वतंत्र करण्याच्या ध्यासाने ते तरुणपणीच अमेरिकेला गेले. तेथे शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत सामील झाले आणि पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची दारे बंद झाली. १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले.

मेक्सिकोत क्रांतीनंतर गरीब शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या, पण शेतीचे नवे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. म्हणून खानखोजे यांनी सहकाऱ्यांसह शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. त्यांतील एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याचे नाव दिले होते.

तेथील मुख्य पीक मका. मक्याचे पराग वाऱ्याने उडतात. शेजारच्या शेतातल्या हलक्या वाणाचे पराग येऊन पडले की चांगले वाणही काही वर्षांत बिघडते. म्हणून उभ्या पिकातली जोमदार झाडे हेरून त्यांची कणसे बियाण्यासाठी राखणे शेतकऱ्याला स्वतःला यावे लागते. बी वाटता येते, ही नजर मात्र शिकवावीच लागते.

खानखोजे यांनी मक्यावर संशोधनही केले. १९३६ साली 'ग्रॅनाडा' मक्यावरील त्यांची पुस्तिका निघाली. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना कष्टकऱ्यांच्या पंगतीत भाकरी वाटताना रंगवले.

स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी भारताने मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले होते. तो गहू डॉ. बोरलॉग व त्यांच्या सहकाऱ्यांचा. खानखोजे यांचा नव्हे. पण तो इथे रुजला, त्यामागे शेतकऱ्यांच्याच शेतात केलेली प्रात्यक्षिके होती. शेतकऱ्याला शिकवल्याशिवाय वाण टिकत नाही, हेच पुन्हा दिसले.

मित्रांनो, घरी किंवा गावी बियाणे कसे राखत, हे आजी-आजोबांना विचारा व लिहून आणा. निवडक टिपणे आम्ही पुढील अंकात आनंदाने छापू.