सिलॅबसबाहेरचे मास्तर

रजिस्टर्ड लग्न करायचं ठरवलंय? मग कागदांची यादी पाठच झाली असेल. विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सह्यांना तीन साक्षीदार. घरच्यांची यादी वेगळी असते: पत्रिका, हॉल, केटरर, मानपान. आणि आपली त्याहून वेगळी: प्री-वेडिंग शूट कुठे करायचं, हनिमूनचं बुकिंग कधी करायचं.

या तिन्ही याद्यांत एक गोष्ट सहसा सापडत नाही. दोघांचं शरीर, एकमेकांना होऊ शकणारे आजार, मूल कधी हवं, हवं की नकोच, यांची साधी आणि खरी माहिती. ती आपण मित्रांच्या ग्रुपवर किंवा रात्री उशिरा मोबाइलवर गुपचूप शोधतो. निम्मी चुकीची असते आणि उरलेली अर्धवट.

ही माहिती जोडप्यांना उघडपणे मिळाली पाहिजे, असं १०० वर्षांपूर्वी मुंबईतल्या गणिताच्या एका प्राध्यापकाला वाटलं. नुसतं वाटून तो थांबला नाही, त्यासाठी नोकरी घालवून बसला. त्याचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. आपण त्यांना र. धों. म्हणतो.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोलीजवळच्या मुरूडचं घराणं. वडील म्हणजे धोंडो केशव कर्वे, पुढे ‘महर्षी’ झाले ते. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी यात कुणाला नवल वाटायचं नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असं म्हणायचे, आणि तो जन्म प्रत्येकीला मिळेलच असं नव्हतं. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावानं कर्व्यांवर बहिष्कार टाकला. थोडक्यात, समाजाच्या मनाविरुद्ध वागलं की काय होतं, याचं प्रॅक्टिकल या मुलानं शाळेच्या वयातच पाहिलं.

पोरगा हुशार होता. १८९९ च्या मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसनमधून १९०४ साली बी. ए. झाला आणि गणित शिकवायला लागला. पहिलं महायुद्ध संपल्यावर गणिताच्याच पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला. तिकडे गणितासोबत त्यांनी आणखी एक विषय मनापासून वाचला: संततिनियमन. परत येऊन ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. वर्गात समीकरणं आणि वर्गाबाहेर हा दुसरा विषय, जो कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हता.

आता काळ बघा. न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट सँगरनं १९१६ साली ब्रुकलिनला संततिनियमनाचं केंद्र उघडलं, तर नऊ-दहा दिवसांत पोलिसांनी ते बंद पाडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्र सुरू झालं मार्च १९२१ मध्ये. आणि त्याच १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं. देशातलं हे पहिलं. लंडनला जे होत होतं, ते मुंबईत त्याच वर्षी होत होतं आणि ते करणाऱ्याच्या मागे ना संस्था होती, ना सरकार, ना पैसा.

तिथे मिळायचं काय? सल्ला आणि साधनं. मुलांमध्ये अंतर कसं ठेवायचं, कुठलं साधन कसं वापरायचं, कुठल्या ऐकीव उपायांना काही अर्थ नाही. आज हे बाळबोध वाटेल. पण तेव्हा दरवर्षी पाळणा हलणं हे ‘देवाचं देणं’ होतं आणि त्या देण्यात आई खचली तरी बोलायचं कुणाशी? नवऱ्याला बाहेरून लागलेला गुप्तरोग घरात बायकोला व्हायचा, पुढे बाळालाही. पेनिसिलिन यायला अजून वीस-एक वर्षं होती. म्हणजे रोग झाल्यावर इलाजाची खात्री नाही, त्यामुळे आधी मिळालेली माहिती हाच सगळ्यात भरवशाचा उपाय. रघुनाथरावांनी १९२३ मध्ये एक पुस्तक संततिनियमनावर काढलं आणि दुसरं गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावर. पाळणा लांबवणं आणि रोग टाळणं, दोन्ही गोष्टी जोडप्याला एकत्रच कळायला हव्यात, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं.

परिणाम व्हायचा तोच झाला. असला प्रचार करणारा प्राध्यापक कॉलेजला नकोसा झाला. प्रचार सोडा नाहीतर नोकरी, असा प्रसंग आला आणि १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. घरात पत्नी मालतीबाई ठाम उभ्या होत्या. दोघांनी मूल नको असं विचार करून ठरवलं होतं. दुसऱ्याला सांगायचं ते आधी घरात, हा हिशेब पक्का होता.

१५ जुलै १९२७ ला त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. विषय शरीर, लैंगिक आरोग्य, स्त्रीपुरुष संबंध. वाचक पत्रांतून प्रश्न विचारायचे आणि संपादक उत्तरं द्यायचे. जे प्रश्न डॉक्टरला विचारायची लाज वाटायची, घरात विचारले तर मार बसला असता, ते इथे यायचे. उत्तर सरळ मिळायचं, उपदेशाची फोडणी न देता. त्या सदराला आजच्या भाषेत हेल्पलाइनच म्हणता येईल, फक्त उत्तराला महिनाभर थांबावं लागायचं.

पण उत्तरं छापली म्हणून खटले झाले. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टाला तो पटला नाही. २०० रुपये दंड झाला. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला.

माणूस सोपा नव्हता. लेखणी तिखट, समोर कोण आहे याची पर्वा नाही. गांधीजी संयमाचा, ब्रह्मचर्याचा मार्ग सांगत आणि कृत्रिम साधनांना विरोध करत, तर कर्व्यांनी त्यांच्यावरही कडक टीका केली. मासिकावर नग्न चित्रं छापण्यावरून ज्यांना विचार पटायचे तेही वैतागायचे. मासिक कायम तोट्यात. पण अंक थांबला नाही.

हळूहळू जग मात्र त्यांच्या दिशेनं सरकत होतं. १९३० साली म्हैसूर संस्थानानं सरकारी संततिनियमन केंद्रं उघडली. शकुंतला परांजपे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच काम जोमानं करू लागल्या. आणि १९५२ मध्ये स्वतंत्र भारतानं कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असा राष्ट्रीय कार्यक्रम आखणारा भारत जगातला पहिला देश. ज्या माहितीसाठी एका माणसाला दंड झाला, ती आता सरकारच वाटणार होतं.

पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला, रघुनाथराव गेले. ‘समाजस्वास्थ्य’ही त्यांच्यासोबत संपलं. तोवर मासिकाची २६ वर्षं पूर्ण झाली होती. वडील, महर्षी कर्वे, तेव्हा ९५ वर्षांचे होते. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, वयाची शंभरी त्यांनी पाहिली. मुलाच्या वाट्याला तसं काही आलं नाही. नव्या पिढीतल्या अनेकांना र. धों. कळले ते २००१ मध्ये आलेल्या अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ या सिनेमामुळे.

मग आज काय? काही राज्यांत आशाताई नवविवाहित जोडप्यांना ‘नई पहल’ नावाचा किट देतात, त्यात कुटुंबनियोजनाची माहिती आणि साधनं असतात. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलच्या तपासण्या होतात. कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. थॅलेसेमियाचंही गणित हेच. आणि वाहक माणूस दिसायला एकदम ठणठणीत असतो, त्यामुळे रक्ततपासणीशिवाय कळत नाही. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन सरकारी रुग्णालयांतल्या केंद्रांत मोफत मिळतं आणि रिपोर्ट गुप्त ठेवला जातो.

म्हणजे माहिती आहे. फक्त ती विचारायला आपल्याला अजून लाज वाटते. जोडीदाराला सिबिल स्कोअर विचारणारे आपण रक्ततपासणीचा विषय निघाला की गप्प होतो. ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’ या एका प्रश्नावर बोलणं संपतं.

नोटीस दिल्यावर ३० दिवस हातात असतात. त्यातली एक संध्याकाळ काढा. दोघं मिळून डॉक्टरकडे जा, वाटतील ते प्रश्न विचारा, अगदी बावळट वाटणारेसुद्धा. रघुनाथरावांच्या मासिकात असेच प्रश्न यायचे, आणि त्यांनी त्यांतल्या कुणाला हसून परत पाठवलं नाही.