फ्लॉरेन्स ली टिम-ओई
फ्लॉरेन्स ली टिम-ओई (५ मे, इ.स. १९०७ : हाँगकाँग - २६ फेब्रुवारी, इ.स. १९९२ : टोरोंटो, कॅनडा) या जगभरच्या अँग्लिकन चर्चमधील पहिल्या स्त्री-धर्मगुरू होत.

फ्लॉरेन्स हे नाव त्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावरून घेतले. ग्वांगझू येथे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर पुढे त्यांची नेमणूक मकाव या पोर्तुगीज वसाहतीत झाली. १९४१ साली त्यांना डीकनपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षअखेरीस जपानने हाँगकाँग जिंकले. मकाव तटस्थ असल्याने तेथे निर्वासितांची रीघ लागली. परंतु अँग्लिकन धर्मगुरूंना तेथे पोहोचणे अशक्य झाले. प्रभुभोजनाचा विधी चालविण्याचा अधिकार डीकनला नसतो. ही अडचण ओळखून बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील चाओछिंग येथे ली यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली.

महायुद्ध संपल्यावर या दीक्षेला चर्चमधून तीव्र विरोध झाला. हॉल यांच्यावर संकट येऊ नये म्हणून ली यांनी १९४६ साली धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना परत केला. दीक्षेचा मात्र त्याग केला नाही. पुढे कम्युनिस्ट राजवटीत चर्च बंद पडल्यावर त्यांना शेतावर आणि कारखान्यात राबावे लागले.

१९७१ साली हाँगकाँगच्या धर्मप्रांताने स्त्रियांना ही दीक्षा अधिकृतपणे खुली केली. १९८०च्या दशकात ली कॅनडात स्थायिक झाल्या व टोरोंटो येथे पुन्हा धर्मगुरू म्हणून सेवा करू लागल्या. इंग्लंडच्या चर्चने १९९४ साली स्त्रियांना प्रथमच धर्मगुरुपद दिले. तेव्हा ली यांच्या निधनाला दोन वर्षे झाली होती.