कानाने लिहिणारा लेखक

1874 सालच्या उन्हाळ्यातली संध्याकाळ. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावाजवळच्या टेकडीवर एक शेतघर आहे. घरची माणसे ओसरीवर गप्पा मारीत बसली आहेत आणि खालच्या पायरीवर बसली आहे घरची स्वयंपाकीण, मेरी ॲन कॉर्ड. अंगापिंडाने धिप्पाड, सदा हसणारी कृष्णवर्णीय बाई. थट्टामस्करी चालू असताना घरचा जावई तिला सहज विचारतो, की इतके आयुष्य काढूनही दुःख कसे ते तुला कधी ठाऊकच नाही, हे कसे काय? बाईचे हसू मावळते आणि ती बोलू लागते.

ती गुलाम होती. नवऱ्याला आणि सातही मुलांना रिचमंडच्या लिलावात एकेक करून तिच्यापासून तोडून विकले. धाकट्या हेन्रीला तर अक्षरशः तिच्या मिठीतून ओढून नेले. तेरा वर्षांनी, यादवी युद्धाच्या धामधुमीत, ती लष्करी अधिकाऱ्यांसाठी रांधत असताना एक तरुण कृष्णवर्णीय सैनिक स्वयंपाकघरात आला. मनगटावरच्या आणि कपाळावरच्या जुन्या व्रणांवरून तिने ओळखले, हा आपला हेन्री. सांगता सांगता ती पायरीवरून कधी उठून उभी राहिली, हे ऐकणाऱ्यांना कळलेही नाही.

तो जावई म्हणजे सॅम्युअल क्लेमेन्स, अर्थात मार्क ट्वेन.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'अटलांटिक मंथली' मासिकात ही हकीकत छापून आली. ट्वेनकडून लोकांना विनोदाची अपेक्षा असे. इथे विनोद नव्हता आणि लेखकही जवळजवळ नव्हता. पहिल्या काही ओळींनंतर बाई बोलते, तिच्या बोलीत, शेवटपर्यंत. ट्वेनने फेरफार केला तो एवढाच, की तिने मधूनच सुरुवात केली होती, त्याने आरंभापासून मांडले.

पण ती बोली कागदावर उतरवताना त्याच्या नाकी नऊ आले. संपादक हॉवेल्स याला त्याने आपली अडचण कळवली होती. एकच माणूस कधी 'गोइन' म्हणतो, कधी 'ग्वाइन'. बोलताना ते खटकत नाही. कागदावर दोन्ही लिहिले, तर लेखक गबाळा ठरतो. मग काय करायचे? ट्वेन ती वाक्ये स्वतःशी मोठ्याने म्हणत बसे, कानाला पटेपर्यंत. परक्या समाजाचे पात्र रंगवताना चार शब्द मोडून टाकले की झाली बोली, असे मानणाऱ्या लेखकांची वाण तेव्हाही नव्हती. (आपल्या नाटकांतला ठोकळेबाज 'भय्या' आठवावा.)

हा कान आला कुठून? ट्वेनचा जन्म 1835 चा, मिसूरी राज्यातला. वाढला तो मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावात. बाप न्यायाधीश, घरात गुलाम. उन्हाळ्यात काकांच्या शेतावर जायचे आणि रात्री डॅनियल नावाच्या वयस्क गुलामाच्या शेकोटीपाशी बसून गोष्टी ऐकायच्या. जिमचे पात्र पुढे याच्यावरूनच घेतले. घरी सँडी नावाचा एक पोरगा कामाला ठेवलेला. दूरच्या मेरीलँडहून, आईपासून तोडून आणलेला. तो दिवसभर गात, शीळ घालीत, ओरडत असे. वैतागलेल्या सॅमने आईकडे तक्रार केली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. पोर गाते आहे तोवर त्याला आठवण छळत नाही, गप्प झाले की आम्हाला काळजी वाटते, असे तिने मुलाला समजावले.

म्हणून तो लहानपणापासून उदार होता असे मात्र नाही. सतराव्या वर्षी न्यूयॉर्कहून आईला लिहिलेल्या पत्रात त्याने कृष्णवर्णीयांविषयी तुच्छतेनेच लिहिले आहे. यादवीत काही दिवस तो दक्षिणेच्या बाजूच्या एका तुकडीतही होता. पुढे 1870 मध्ये लग्न झाले ते गुलामगिरीच्या कट्टर विरोधकाच्या मुलीशी. माणूस बदलत गेला.

एल्मायराच्या त्याच टेकडीवर त्याने 'हकलबरी फिन'चा बराच भाग लिहिला. अमेरिकेत ती कादंबरी 1885 मध्ये आली. आपण यात सात बोली वापरल्या आहेत, त्या अंदाजाने नव्हे तर कसून, अशी सूचना त्याने आरंभीच देऊन ठेवली. पळून आलेला गुलाम जिम रात्री तराफ्यावर आपल्या मुलीची आठवण काढतो. सांगितलेले ऐकत नाही म्हणून त्याने तिला मारले होते, आणि मग कळले की तापाने तिचे कानच गेले आहेत. ही बोली पुसून शुद्ध इंग्रजीत तो प्रसंग लिहिला असता तर जिम उरला नसता.

आणि ती शिवी? गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरलेला तो शब्द कादंबरीत दोनशेहून अधिक वेळा येतो. बोटीवरच्या स्फोटात कुणी दगावले का, असे एक भली बाई विचारते. नाही, एक कृष्णवर्णीय तेवढा मेला, असे हक तो शब्द वापरून सांगतो, आणि बाईला हायसे वाटते. तो समाज कसा होता, हे त्या शब्दाविना इतके उघडे पडले नसते, असे मला वाटते. गंमत म्हणजे 1885 मध्ये कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने पुस्तकाला दार बंद केले ते या शब्दासाठी नव्हे, एकूणच असभ्य भाषेसाठी.

मात्र हाच कान दुसरीकडे बंद होता. 1876 च्या 'टॉम सॉयर'मधला इंजन जो हा अर्धा आदिवासी खलनायक. त्याला ना टोळी, ना भाषा, ना घर. नावातच हिणवणी. नाक-कान कापण्याचा सूड गोरा माणूस घेत नाही, असे पुस्तकातलेच एक पात्र सांगते. नेवाडाच्या प्रवासात ट्वेनने आदिवासी पाहिले होते, त्यांच्याविषयी वाईट लिहिलेही होते. त्यांच्या शेकोटीपाशी तो बसला नव्हता. 1884 मध्ये हक आणि टॉमला आदिवासींच्या मुलखात नेणारी कथा त्याने सुरू केली. त्यासाठी पुस्तके मागवली, वाचली. कथा अर्ध्यावरच राहिली.

1896 च्या जानेवारीत तो व्याख्यानांसाठी मुंबईत आला. हॉटेलच्या जर्मन व्यवस्थापकाने एका नोकराला थोबाडीत मारली आणि त्याने ती मुकाट्याने सोसली, हे पाहून ट्वेनला एकदम हॅनिबल आठवले, गुलामांना मारणारे हात आठवले. त्याच दौऱ्यात एका हिंदी नोकराचे नाव जिभेवर बसेना म्हणून त्याने त्याला सरळ सैतान म्हणायला सुरुवात केली. दोन्ही गोष्टी त्याने स्वतःच 1897 च्या प्रवासवर्णनात लिहून ठेवल्या आहेत.

1910 मध्ये तो गेला. वाद राहिला. अनेक शाळांत कृष्णवर्णीय मुलांनी तो शब्द वर्गात मोठ्याने वाचलेला ऐकायचा, त्यांच्या पालकांनी गप्प बसायचे, हे सोपे नव्हतेच. 2011 मध्ये अलाबामातल्या एका प्रकाशनाने शिवीच्या जागी 'गुलाम' आणि 'इंजन'च्या जागी 'इंडियन' घालून आवृत्ती काढली आणि दोन्ही बाजूंनी गदारोळ झाला. जिमच्या पात्रात त्या काळच्या तोंडाला काळे फासून केलेल्या तमाशांचीही छाया आहे, विशेषतः शेवटच्या प्रकरणांत जिथे टॉम त्याला खेळणे करून टाकतो. ही तक्रार मलाही खरी वाटते.

2024 मध्ये पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने तीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. एव्हरेटचा जेम्स आपल्या माणसांत सफाईदार इंग्रजी बोलतो. मोडकी बोली तो गोऱ्यांपुढेच बोलतो, आणि ती कशी बोलायची याचे धडे रात्री झोपडीत लहान मुलांना देतो.