खुंट उपटण्याआधी ब्रँडिस साहेब आठवा

तोडलेल्या जंगलाची जमीन पुन्हा लागवडीला तयार करायची म्हटली की आज पहिला आठवतो तो जेसीबी. खुंट उपटले, चर काढले, खड्डे घेतले, की झालं! आपल्या जामनेरच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराचा उतार आहे. अशा उतारावर यंत्र खुंटासोबत वरची कसदार मातीही ओरबाडतं. शिवाय सागाच्या खुंटाला फुटवा येतो, तो फुकटचा साग हातचा जातो. चर काढायला यंत्र चांगलंच, पण सरसकट उपटायला नव्हे. हेच काम यंत्राविना करून दाखवणाऱ्या डिट्रिख ब्रँडिस साहेबांची ओळख म्हणूनच करून घ्या.

साहेब मूळचे जर्मन. जन्म १८२४, गाव बॉन. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. १८५६ साली इंग्रज सरकारनं त्यांना ब्रह्मदेशात पेगूच्या सागवान जंगलावर नेमलं. तिथं बेसुमार तोड चालू होती. साहेब हत्तीवर बसून रान पालथं घालीत. हातात लाकडाचे चार तुकडे. झाड दिसलं की त्याच्या जाडीप्रमाणे त्या-त्या तुकड्यावर चाकूनं खाच पाडायची. पावसाळी रानात कागद टिकतो कुठं!

लागवडीसाठी त्यांनी तिथल्या करेन लोकांची फिरती शेतीच हाताशी धरली. रान तोडायचं, उन्हाळ्यात वाळवून जाळायचं, पाऊस पडला की राखेत भात पेरायचं आणि त्यातच ओळीनं साग लावायचा. भाताची निंदणी झाली की सागाचीही आपोआप होई. मोबदला मिळे तो जगलेली रोपं मोजून. खड्डे मोजून नव्हे, हे ध्यानात घ्या. मात्र एक-दोन पिकांनंतर करेन पुढच्या तुकड्यावर जात, अन् साग राही सरकारचा.

१८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. डेहराडूनची वनशाळा १८७८ ची, त्यांच्याच काळातली. गावाला स्वतःचं जंगल असावं, असा त्यांचा आग्रह होता. पण १८७८ च्या कायद्यात सरकारी हक्काचंच पारडं जड झालं. आपल्या खानदेशातल्या आदिवासी बांधवांनी त्याची झळ पुढं पिढ्यान्‌पिढ्या सोसली. साहेबांच्या खात्यातला हा भाग विसरता येत नाही.

१८८३ साली ते निवृत्त झाले, पण स्वस्थ बसले नाहीत. हिंदुस्थानातल्या झाडांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९०६ साली निघाला, तेव्हा वय होतं ८२. पुढच्याच वर्षी बॉनमध्ये ते वारले.