दहा हजार येनच्या नोटेवरचे मास्तर

माझ्या पुस्तकांच्या कपाटात दहा हजार येनची एक नोट ठेवलेली आहे. भाचा नोकरीनिमित्त ओसाकाला होता. सुट्टीवर आला तेव्हा मामाला आठवण म्हणून त्याने ती दिली. वटवावी असे कधी मनात आले नाही. तिच्यावर किमोनो घातलेल्या, रुंद कपाळाच्या, करारी चेहऱ्याच्या एका गृहस्थांचे चित्र आहे. वाटतात एखादे सेनापती किंवा पंतप्रधान. प्रत्यक्षात ते मास्तर, लेखक आणि वृत्तपत्राचे संस्थापक होते. नाव फुकुझावा युकिची. १९८४ पासून चाळीस वर्षे जपानच्या सर्वांत मोठ्या नोटेवर हा चेहरा होता. जुलै २०२४ मध्ये शिबुसावा एइइची या उद्योजकाचे चित्र असलेली नवी नोट आली.

मी शाळेत इतिहास शिकवीत असे. जपानचा धडा आला की फुकुझावांची गोष्ट मुलांना रंगवून सांगायचो. तिचा उत्तरार्ध मला फार उशिरा कळला. आज दोन्ही भाग सांगतो.

युकिचीचा जन्म १८३५ सालच्या जानेवारीतला, ओसाकामधल्या एका वखारीच्या आवारातला. त्या काळी सम्राट क्योटोत नावापुरते होते. खरी सत्ता एदो शहरातल्या तोकुगावा घराण्याच्या शोगुनकडे, म्हणजे सरसेनापतीकडे होती. देश अडीचशेहून अधिक सरदारांच्या जहागिरींत विभागलेला. जहागिरीची श्रीमंती मोजायची ती तांदळात, आणि तो तांदूळ विकायचा ओसाकाच्या बाजारात. युकिचीचे वडील क्यूशू बेटावरील नाकात्सु या जहागिरीचे कनिष्ठ सामुराई. धन्याचा तांदूळ सांभाळायचा आणि सावकारांकडून कर्जे मिळवायची, ही त्यांची नोकरी. मनाने मात्र ते विद्वान, चिनी ग्रंथांत रमणारे. पैशाचा त्यांना विटाळ वाटे. मुलांच्या पंतोजींनी पाढे शिकवायला घेतल्याचे कळताच ते भडकले. सामुराईच्या मुलांनी वाण्याची विद्या शिकायची म्हणजे काय! त्यांनी मुलांना तिथून काढून घेतले. त्याच घरातला धाकटा मुलगा पुढे नोटेवर छापला गेला.

युकिची दीड वर्षाचा असताना वडील गेले. आई पाच मुलांना घेऊन नाकात्सुला परतली. गावात सुमारे दीड हजार सामुराई, पण त्यांच्यातही वरचे आणि खालचे अशी पक्की भिंत. खालच्याने कितीही कर्तबगारी दाखवली तरी तो वर जात नसे, आणि दोघांत सोयरीक जवळजवळ होतच नसे. मुलांच्या खेळातसुद्धा हा भेद. वरच्या घरातल्या पोराला खालच्या घरातल्या पोराने अहो-जाहो करायचे, आणि त्याने उलट अरे-तुरे करायचे. साध्या प्याद्याला तर भर पावसात वरचा सामुराई समोरून आला की पायातले काढून रस्त्याकडेला लोटांगण घालावे लागे. वडिलांनी या मुलाला भिक्षू करायचे ठरवले होते म्हणे. कारण बौद्ध मठ ही एकच जागा अशी होती, जिथे कोळ्याचा मुलगाही मठाधिपती होऊ शके. हे आईकडून ऐकलेले युकिची जन्मभर विसरला नाही.

बारा-तेरा वर्षांचा असताना एकदा धावताना त्याचा पाय जमिनीवरच्या एका कागदावर पडला. त्यावर जहागीरदारांचे नाव होते. थोरल्या भावाने चांगलेच फैलावर घेतले. युकिचीने माफी मागितली, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. नुसत्या नावावर पाय पडणे एवढे पाप, तर देवाच्या नावावर पडला तर? त्याने देवळातला एक अंगाऱ्यासारखा पवित्र कागद गुपचूप आणून तुडवला. काही झाले नाही. मग तोच कागद शौचकूपात नेऊन वापरला. जरा धाकधूक झाली, पण आभाळ काही कोसळले नाही.

मग इनारीची पाळी आली. इनारी ही धान्याची, भरभराटीची देवता. तिची छोटी देवळी बऱ्याच घरांत असे. नातलगांच्या घरची देवळी युकिचीने उघडली, तर आत एक दगड. तो त्याने फेकला आणि रस्त्यावरचा दुसरा ठेवून दिला. शेजारच्या देवळीत लाकडाची पट्टी होती, तीही भिरकावली. पुढे उत्सव आला. मंडळींनी पताका लावल्या, ढोल बडवले, नैवेद्याची साके वाहिली, आणि हा आपला कोपऱ्यात उभा राहून हसतोय. माझ्या वर्गात या प्रसंगाला हमखास हशा पिकायचा. एकदा एका पालकांनी मला येऊन विचारलेही, मास्तर, मुलांना हे कशाला सांगता? पण तो विषय वेगळा.

१८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजे एदोच्या उपसागरात आली आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ लावून घेतलेले दार उघडावे लागले. युकिची पुढच्याच वर्षी नागासाकीला डच भाषा शिकायला गेला. खरे तर त्याला त्या गावातून कसेही करून बाहेर पडायचे होते. ओसाकात ओगाता कोआन या वैद्यांच्या शाळेत तो डच ग्रंथ हाताने उतरवून काढी. मध्येच थोरला भाऊ वारला. घरावरचे कर्ज फेडण्यासाठी वडिलांची ग्रंथसंपदासुद्धा विकली, आणि आईची परवानगी घेऊन तो पुन्हा ओसाकाला गेला.

एवढा आटापिटा करून शिकलेल्या डचचे काय झाले? १८५९ मध्ये नव्याने खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात तो गेला, तर एकाही दुकानाची पाटी वाचता येईना. सगळा कारभार इंग्रजीत. एक दिवस तो खचला. दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी शिकायला बसला. पुढच्याच वर्षी एका अधिकाऱ्याचा सेवक म्हणून ‘कान्रिन मारू’ जहाजातून तो सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. तिथली यंत्रे त्याने पुस्तकात वाचली होती, त्यांचे नवल वाटले नाही. त्याने विचारले, वॉशिंग्टनचे वंशज हल्ली काय करतात? कोणालाही धड माहीत नव्हते, आणि त्याचे कोणाला काही वाटतही नव्हते. तोकुगावांच्या देशातून आलेल्या माणसाला हा खरा धक्का होता.

१८६२ मध्ये त्यांनी युरोप पाहिला आणि मग लेखणी थांबली नाही. अर्थशास्त्राचे इंग्रजी पुस्तक अनुवादताना स्पर्धा या कल्पनेला जपानीत शब्दच नव्हता. त्यांनी घडवला. शोगुनच्या खजिन्याकडील अधिकारी त्यातले भांडण या अर्थाचे अक्षर पाहून बिचकला. वरिष्ठांना दाखवायला हे बरे नाही म्हणाला. फुकुझावांनी तेवढ्या शब्दावर शाई फासून प्रत दिली. ज्या घरात पाढ्यांना बंदी होती, त्या घरच्या मुलाने १८७३ मध्ये हिशेबाच्या वह्या ठेवण्याच्या पद्धतीवरचे पुस्तकही जपानीत आणले.

१८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली. एदोतल्या उएनो टेकडीवर तोफा धडाडत होत्या त्या दिवशीही फुकुझावा आपल्या शाळेत अर्थशास्त्राचा तास घेत होते. तीच शाळा आजचे केइओ विद्यापीठ. गुरूला भेटवस्तू देण्याऐवजी दरमहा ठराविक फी घेण्याची पद्धत त्यांनी तिथे सुरू केली, आणि लोकांनी नाके मुरडली. नव्या सरकारने बोलावले तरी ते नोकरीला गेले नाहीत. १८७२ पासून त्यांच्या ‘गाकुमोन नो सुसुमे’ या पुस्तिका निघाल्या. नावाचा अर्थ विद्येचा आग्रह. जन्माने माणसे समान आहेत, फरक पडतो तो शिक्षणाने, हा त्यांचा गाभा. सतरा भाग मिळून लाखो प्रती खपल्या. परक्यांची विद्या आणणाऱ्यांना तेव्हा तलवारीने कापून काढीत, म्हणून कित्येक वर्षे ते रात्री बाहेर पडत नसत. घराच्या जमिनीत पळून जाण्यासाठी चोरदरवाजाही होता. स्त्रियांना गुलामी शिकवणाऱ्या जुन्या नीतिग्रंथावर त्यांनी अखेरच्या दिवसांत कडाडून टीका लिहिली. (ते वारले त्याच वर्षी टोकियोत महिला विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. ते निराळ्या मंडळींचे काम. पण त्याचीच पुस्तिका वाचून अण्णासाहेब कर्व्यांना १९१६ चे आपले महिला विद्यापीठ सुचले.)

माझी गोष्ट इथे संपायची.

कोरियातून काही तरुण फुकुझावांकडे शिकायला येत. तिथला किम ओक-ग्युन हा सुधारक त्यांचा स्नेही. डिसेंबर १८८४ मध्ये किमच्या गटाने सेऊलमध्ये सत्ता हाती घेतली. चिनी फौजेने तीन दिवसांत तो उठाव चिरडला. मागे राहिलेल्या सुधारकांना आणि त्यांच्या आप्तांना क्रूर शिक्षा झाल्या. फुकुझावा संतापले, खचले. १६ मार्च १८८५ रोजी त्यांच्या ‘जिजी शिम्पो’ या दैनिकात एक बिननावाचा अग्रलेख आला. तो त्यांचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चीन आणि कोरिया सुधारण्याची वाट पाहत बसू नये, जपानने त्यांची संगत सोडावी आणि पाश्चात्त्य जसे त्यांच्याशी वागतात तसेच वागावे, असा त्याचा आशय. त्या वेळी त्याची फारशी चर्चा झाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र तो पुन्हा पुन्हा वाचला गेला.

रागाच्या भरात लिहिलेला एक लेख म्हणून मी तो सोडूनही दिला असता. पण १८९४ मध्ये चीनशी युद्ध पेटले तेव्हा फुकुझावांनी त्याला सुधारणा आणि रानटीपणा यांच्यातला झगडा ठरवले. युद्धनिधीला त्यांनी स्वतःच्या खिशातून दहा हजार येन दिले. जिंकल्यावर आनंदाने त्यांचे डोळे भरून आले, असे त्यांनीच आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या विजयाने तैवान जपानकडे गेले. १९१० मध्ये कोरियाही गेला. ते पाहायला फुकुझावा नव्हते. ३ फेब्रुवारी १९०१ रोजी ते वारले.

नाकात्सुच्या गल्लीत ज्याला अहो-जाहो करायला लावले, तोच माणूस साठीला पोहोचेपर्यंत शेजारच्या दोन देशांना अरे-तुरे करू लागला. हे कसे झाले, याचा उलगडा मला अजून नीट होत नाही. त्या काळी आशियात दोनच वाटा दिसत होत्या, गिळणाऱ्यांची आणि गिळल्या जाणाऱ्यांची, हे खरे. पण त्यांच्याच पुस्तिकांनी तिसरी वाट दाखवली होती, हेही खरे.

परवा भाचा आला होता. म्हणाला, मामा, नवी नोट आली असली तरी ही जुनी अजून चालते, देतोस का बदलून आणायला? मी नको म्हटले. तो नोट उलटसुलट करून बघत होता, म्हणून मग त्याला इनारीच्या दगडाची गोष्ट सांगितली. तो हसला. कोरियाचे सांगायला लागलो, तेवढ्यात चहा आला.